माळ्यावरची बस

२ मार्च

धाकट्या,

फोन मी मुद्दाम उचलत नाहीये, तेव्हा पुन्हा पुन्हा लावू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "हो ताई, बघतो ताई, साइटवर आहे ताई" की संपलं. परवा मी बाबांबद्दल सांगत होते आणि तू मध्येच कुणाकडे तरी पाना मागितलास. तेव्हापासून कानाला खडा. आता जे काय ते मेलवर, लिहून. लिहिलेलं तरी तुला मध्येच तोडता येणार नाही.

बाबांचं लक्षण बरं दिसत नाही. तुला घाबरवायला लिहीत नाहीये. वॉर्डात रोज म्हातारी माणसंच बघते मी, नर्सला कळतं. गेल्या वर्षी तो हलका झटका आला आणि डावा हात निम्माच परत आला, तेव्हा तूच हा कॉम्प्युटर आणून बसवलास. टेबलाला स्टिअरिंग आवळलंस, खाली पेडलं ठेवलीस, आणि त्या बसच्या गेममध्ये बाबांचा नऊ नंबरचा रूट हुबेहूब बांधून दिलास. डेपो, पाण्याची टाकी, शाळा, पूल, दवाखाना, बाजार. जन्मभर ज्या रस्त्यावर बस चालवली तो रस्ता घरात आला म्हणून माणूस पुन्हा उठून बसला. रोज सकाळी बूट घालून, लेस बांधून फेरीला निघायचे. चपलेत पेडल मारणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हा. तेव्हा मी तुझं तोंड भरून कौतुक केलं होतं.

आता ऐक. दोन-अडीच आठवडे झाले, बाबांना बस जमत नाहीये. स्टॉप चुकतात. परवा पुलाच्या कठड्यावर बस घातली. "पूल दिसलाच नाही गं वेळेवर," म्हणाले. तो पूल, जो त्यांनी झोपेतही ओलांडला असता! शाळेच्या अलीकडे भर रस्त्यात थांबून राहतात, पुढे जातच नाहीत. फेरी संपवून उठतात तेव्हा शर्ट घामाने ओला. मी विचारलं, कॉम्प्युटर बिघडलाय का? तर तेच नेहमीचं, "गाडीला नावं ठेवायची नाहीत." तुला माहीतच आहे. जन्मात एकाही अपघाताच्या जबाबात त्यांनी ब्रेक लागला नाही असं लिहिलं नाही, लागला नव्हता तेव्हासुद्धा.

आणि सगळ्यात वाईट ते पुढेच आहे. फेब्रुवारीच्या मध्यात एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर म्हणाले, "आज बाण आपोआप हलत होता. माझे हात मांडीवर होते आणि तो स्क्रीनभर फिरत होता." अगदी शांतपणे सांगत होते रे. मी हसून साजरं केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर 'भास' असं लिहिलं आणि गोळ्या वाढवल्या. त्या घेतल्या की जेवणाच्या वेळेपर्यंत माणूस गुंगीत.

तू आठ दिवस तरी ये. मला एकटीला हे झेपत नाहीये, आणि हे मी दुसऱ्यांदा सांगणार नाही.

त्या कॉम्प्युटरवर रोज 'जागा शिल्लक नाही' अशी लाल पट्टी येते. त्यातलं काहीतरी पुसून टाकू का?

ताई


६ मार्च

ताई,

आधी एकच सांगतो. काहीही पुसू नकोस! हात जोडतो, कशालाही हात लावू नकोस.

तुला कळेल असं सांगतो. त्या खोक्यात दोन डिस्क आहेत आणि तिसरी बाहेर वायरने लावलेली आहे. आतली छोटी डिस्क वेगवान. तो आपला ओटा समज. रोज लागणारं ओट्यावर, हाताशी. दुसरी डिस्क मोठी पण जुनी आणि संथ. तो माळा. शिडी लावा, चढा, शोधा, मग वस्तू हाती येते. बाहेरची ती ट्रंक, तिच्यात फोटो आणि आईचे व्हिडिओ. हल्ली एकेक गेम दीडशे-दोनशे जीबी खातो, दोन ठेवले की ओटा भरला. म्हणून लाल पट्टी. ती दिसली तर दिसू दे, ओरडत नाही ना ती? मागच्याच महिन्यात मी सगळं नीट लावून ठेवलंय, जे लागतं ते ओट्यावर आणि जे पडून असतं ते माळ्यावर. तू भलतंच काही ओढून इकडचं तिकडे टाकलंस तर गेम चालवणाऱ्या प्रोग्रामला वाटेल गेम हरवला, आणि मग मी बसतो निस्तरत. आणि हो, कॉम्प्युटर रात्री बंद करू नका. चालू राहू दे. त्याला अपडेट लागतात.

आता बाबांचं. ताई, वय झालंय त्यांचं. झटक्यानंतर हे होणारच होतं, डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. बाणाचं तू एवढं मनावर घ्यायला नको होतंस, असं होतं कधी कधी. लगेच डॉक्टरला सांगायची काय गरज होती?

आणि मी येत नाही म्हणजे मला यायचं नाही, असं तू धरून चालतेस, त्याचा मला संताप येतो. मी इथे पवनचक्कीच्या खांबावर दोरीला लटकून पाती दुरुस्त करतो. खाली उतरलो की पत्र्याच्या खोलीत आठ माणसं. जूनपर्यंत करार आहे, मध्ये सोडला तर पुढचं काम मिळत नाही. तू म्हणतेस पाना मागितला. तो पाना वेळेवर मिळाला नसता तर तुला वेगळाच फोन आला असता. प्रत्येक वेळी मीच पळपुटा आणि तूच काय ती घर सांभाळणारी, हे आता पुरे.

बाबांना त्यांचंच वाक्य ऐकव, टाकीचं वळण घेताना दुसरा गिअर. त्यांना हसू येईल.

धाकटा


११ मार्च

धाकट्या,

बाबांना हसू आलं नाही.

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लिहिते बापाबद्दल आणि हा मला ओटा न् माळा शिकवतो! अख्ख्या पत्रात बाप किती आणि डिस्क किती, एकदा वाचून बघ. "असं होतं कधी कधी" म्हणे. वॉर्डात कुणाच्या मुलाने मला असं म्हटलं असतं तर मी त्याला हाताला धरून बाहेर काढला असता. तिकडे लांब बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय तुझं?

रविवारी सकाळी बाबा फेरीला बसले. मी भाजी चिरत होते, मला फक्त आवाज येत होता. कच्चकन ब्रेक, मग शांत. पुन्हा ब्रेक, पुन्हा शांत. मग बराच वेळ काहीच नाही. जाऊन बघते तर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेले आणि स्क्रीनवर बस दवाखान्याच्या भिंतीत घुसलेली. "दवाखान्याचा स्टॉप चुकलो," म्हणाले. "पोरी, ज्याला दवाखाना दिसत नाही त्याने बस चालवू नये." उठले, बूट काढले, रुमालाने पुसले, खोक्यात घातले आणि स्टुलावर चढून माळ्यावर टाकले. खऱ्या माळ्यावर. मी ओरडत होते, पडाल, पडाल. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर ते स्टिअरिंगकडे फिरकले नाहीत. सकाळी उठायचंही कारण उरलेलं नाही. डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. घराची किल्ली माझ्याकडे दिली. "माझ्याकडून हरवेल." कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं बंद, कारण रस्ता ओलांडायची भीती वाटते. आणि काल जेवताना म्हणाले, "तुझ्या इस्पितळाजवळ तो वृद्धाश्रम आहे, तिथे माझं नाव घाल. उद्या गॅस चालू ठेवून बसलो तर तुझ्या जिवाला घोर." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता! तर म्हणाले, "मी विचारत नाहीये. सांगतोय."

मी आज जाऊन आले. एक खोली एक एप्रिलला रिकामी होतेय. पंचवीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून दुसऱ्या खोलीची खिडकी दिसते.

माझी कोणाकडे काही तक्रार नाही असं लिहिणार होते, पण आहे. तुझ्याकडे आहे. तू मुलगा आहेस त्यांचा. माझ्या एकटीच्या सहीने त्यांना तिथे पाठवायचं आणि आयुष्यभर ते मीच उरावर वागवायचं, असं होणार नाही. तुझं मत लिही. स्पष्ट लिही.

ताई


१५ मार्च

ताई,

स्पष्ट हवंय ना? मग स्पष्टच. मला वाटतं बाबा बरोबर म्हणतात.

ते स्वतः म्हणतायत, आपण नाही. तुझ्या रात्रपाळ्या, मी इथे. गॅसचं काही झालं तर कोण धावणार? तिथे निदान माणसं असतील. लिहिताना मला काय वाटतंय ते तुला सांगून उपयोग नाही, तू म्हणशील नाटक करतोय. तो रूट बांधायला मला आठ महिने लागले होते. डेपोच्या भिंतीवरचा निघालेला रंगसुद्धा मी फोटो काढून आणून तिथे लावला होता. बाजारातल्या प्रत्येक दुकानाचा फोटो वेगळा. पहिल्या फेरीला बाबा टाकीपाशी थांबले आणि म्हणाले, "अरे, इथली गळती पण घेतलीस की!" ते सगळं त्यांच्या डोक्यातून पुसलं जातंय म्हणतेस, आणि मी इथे खांबावर लटकलोय. काल मी वर असताना रडलो. हेल्मेटची काच पुसता येत नाही वर.

माझी सही हवी तर माझं नाव घाल. मी नाही म्हणणार नाही.

एकच व्यवहाराचं. बाबा तिकडे गेले की कॉम्प्युटर घरी धूळ खात पडणार. तो नीट खोक्यात भरून माझ्याकडे पाठवून दे. स्टिअरिंग नको, ते कुणालातरी देऊन टाक. तिन्ही डिस्क तेवढ्या सांभाळून.

धाकटा


२० मार्च

लाज नावाची वस्तू तुझ्याकडे असेल तर हे पत्र उभं राहून वाच.

मी तुझा कॉम्प्युटर भरायला बसले. हो, तुझाच. बाप घरातून निघायच्या आधी त्याच्यासमोरचं यंत्र मागितलंस, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण म्हटलं जाऊ दे, एकदाची पीडा जाऊ दे घरातून. बाबा गोळी घेऊन झोपले होते. खोकं आणलं, जुन्या चादरी आणल्या. वायर काढायच्या आधी वाटलं, एकदा तो रूट आपण चालवून बघावा. मला गाडी येत नाही, तुला ठाऊक आहे. पण लहानपणी बाबांच्या मागच्या सीटवर बसून मी नऊ नंबरच्या इतक्या फेऱ्या केल्यात की रस्ता तोंडपाठ आहे.

डेपोच्या फाटकातून बाहेर आले तर समोर रस्ताच नाही! नुसता करडा गाळ. चित्र जागच्या जागी गोठलं, मग एकदम उडी मारून बस पुढे गेली, आणि तेव्हा कुठे रस्ता आला. पाण्याची टाकी नव्हती. मी म्हटलं मी चुकले. वळण संपता संपता ती आभाळातून टाकल्यासारखी बाजूला येऊन उभी राहिली. पुलाच्या जागी मोकळं आकाश. मी ब्रेक मारला, चित्र गोठलं, हललं तेव्हा पूल नाकाखाली आणि मी कठड्यात. दवाखाना तर मी त्याच्या भिंतीत शिरल्यावर दिसला.

माझे डोळे ठणठणीत आहेत रे. माझ्या मेंदूला काहीही झालेलं नाही.

आणि शाळा. शाळेसमोर मुलं रस्त्यात उगवली. चालत आली नाहीत, माझ्या चाकापुढे उगवली. तेव्हा मला कळलं बाबा तिथे का थांबायचे. रस्ता रिकामा दिसत असताना थांबायचे, मुलं येऊन जाईपर्यंत वाट बघायचे, कारण ती कधी उगवतील याचा भरवसा नाही. ते एवढं सांभाळून चालवत होते, आणि मी डॉक्टरांना सांगितलं की पेशंट गोंधळतो! हे मी केलं. मी, नर्स. माझ्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मग तुझी शिकवणी आठवली. तुझे ओटा आणि माळा उघडून बघितले. काही पुसलं नाही, घाबरू नकोस. बाबांची बस कुठे होती सांगू? माळ्यावर. त्या जुन्या रखडणाऱ्या डिस्कवर. आणि ओट्यावर पाय पसरून कोण बसलंय? तुझा तो तलवारीवाला गेम, एकशे ऐंशी जीबीचा! फोल्डरवर तारीखही आहे. तेरा फेब्रुवारी, दुपार. मी बाबांना चौदा तारखेला डॉक्टरकडे नेलं होतं. आदल्या दुपारी काय झालं होतं, आठवतं?

"मागच्याच महिन्यात मी सगळं नीट लावून ठेवलंय" असं लिहिलंस. मागच्या महिन्यात तू या घरात पाऊलही टाकलं नव्हतंस. म्हणजे तू तिकडे बसून इकडच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतोस. म्हणून तो रात्री चालू ठेवायचा. मग मला एवढंच सांग, तो बाण कोण हलवत होतं? मी तुला लिहिलं होतं, भास म्हणून, रडले म्हणून, गोळ्या वाढवल्या म्हणून. तू वाचलंस. वाचून मला उत्तर दिलंस की असं होतं कधी कधी.

रोज लागणारं ओट्यावर, नाही का? आणि बाप पडून असलेल्या सामानात.

ताई म्हणून सही करायची इच्छा नाही.


२१ मार्च

ताई,

बाण मीच हलवत होतो.

माझा लॅपटॉप जुना आहे, त्यावर काही चालत नाही. रात्री तासभर घरच्या कॉम्प्युटरला जोडून खेळतो. आठ माणसांच्या खोलीत तेवढंच कानाला हेडफोन लावून एकटं असणं. बाबा दुपारी झोपतात म्हणून त्या दुपारी सामान हलवलं. ते समोर बसलेत हे मला इथून दिसत नाही. बस जुन्या काळचा गेम, म्हटलं माळ्यावरही आरामात पळेल. मूळचा गेम पळतोच. पण मी बांधलेला रूट जड आहे. प्रत्येक दुकानाचा फोटो, प्रत्येक भिंत. ते त्या डिस्कला वेळेवर उचलवत नाही. मीच बांधलं आणि माझ्याच लक्षात आलं नाही.

बाणाचं वाचलं तेव्हा कळलं होतं. तू ओरडशील म्हणून नाही सांगितलं. बाकीचं मला खरंच दुखणं वाटलं, आईची शपथ. पण तुम्ही तरी एकदा लिहायचं ना की चित्र अडकतंय! महिनाभर दोघांपैकी कोणीही एक शब्द बोललं नाही, आणि आता सगळं माझ्या डोक्यावर.

ते जाऊ दे. ऐक. आज रात्री मी इथूनच माझा गेम काढून टाकतो आणि बस पुन्हा ओट्यावर आणतो. तू सकाळी कसंही करून त्यांना एक फेरी मारायला बसव. सगळं नीट दिसेल. त्यांना वाटेल बरं वाटतंय आता. खऱ्याचं काही सांगू नकोस. त्यांच्या नजरेतून मी उतरेन ताई. एवढं एक कर माझ्यासाठी.

धाकटा


२२ मार्च

नाही.

आजच्या आज त्यांना सांगितलं. "बाण तुमचा मुलगा हलवत होता आणि रस्ता त्याने माळ्यावर टाकला होता," असं सरळ. तुझी पत्रं छापून पुढे ठेवली, माझीही ठेवली. त्यांनी सगळी वाचली. मग विचारलं, "म्हणजे पूल जागेवर आहे?" मी म्हटलं, आहे. तर उठले, स्टूल ओढलं आणि माळ्यावरून बूट काढले. या वेळी मी स्टूल धरलं.

डॉक्टरांना भेटून बाणाचं खरं काय ते सांगून आले. त्यांनी त्या वाढवलेल्या गोळ्या थांबवल्या. माझ्याकडे असे बघत होते की जमीन दुभंगेल तर बरं, असं झालं.

आणि तू रात्री काही हलवायच्या फंदात पडू नकोस. बाबांनी सांगितलंय, माझ्या गाडीला आता कोणी हात लावायचा नाही. ते स्वतः लिहिणार आहेत. मला बाजूला बसू देत नाहीत.

ताई


२४ मार्च

धाकट्यास आणि त्याच्या ताईस,

दोघांना एकच पत्र, कारण दोनदा रागवायला माझ्याकडे दम नाही. डाव्या हाताने टाइप करतोय. कालपासून बोटं उचलली जातायत, रागाने असेल.

आधी तुझं, पोरी. तू मला भूक विचारलीस, झोप विचारलीस, चक्कर येते का, जिभेला चव आहे का, सगळं विचारलंस. बाबा, सरका जरा, काय दिसतंय बघू, असं म्हणून एकदाही शेजारी बसली नाहीस. कॉम्प्युटर भरायची वेळ आली तेव्हा बसलीस. माझ्या अंगाला हात लावून बघतेस, माझ्या डोळ्यांनी बघत नाहीस. वृद्धाश्रमात मी आज फोन केला. म्हटलं, खोली ज्याला गरज आहे त्याला द्या, मी कामावर आहे. किल्ली टेबलावर ठेव. हरवली तर दुसरी करून घेईन.

आता तू.

महिनाभर मी काय करत होतो तुला माहीत आहे? पहाटे डोळे उघडले की पडल्या पडल्या सगळे स्टॉप म्हणायचो. डेपो ते बाजार, मग बाजार ते डेपो उलटे. सगळे यायचे. पाढे म्हणायचो, तेही यायचे. तुझ्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचो, तोही यायचा. मग उठून बसवर बसायचो आणि पूल यायचा नाही. म्हटलं, संपलो आपण. वरवर शाबूत आहोत पण आतून चाललोय. आणि हे कुणाला सांगायचं? ताईला सांगितलं तर ती गोळी आणेल. तुला सांगितलं तर तू वर लटकलेला असशील, तुझा हात सुटेल. म्हणून गप्प बसलो. बाण हललेला मला दिसला होता. खरोखर दिसला होता. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला पटवलंत की दिसला नाही. याबद्दल मी तुला लवकर माफ करणार नाही, तेव्हा तशी पत्रं लिहू नकोस.

तू लिहिलंस, कोणी बोललं का नाही. मी का बोललो नाही ते ऐक. मी गाडीला नावं ठेवत नाही याचं कारण तुम्हा दोघांनाही कळलेलं नाही. मला वाटायचं कळलं असेल. डेपोतून गाडी बाहेर काढायच्या आधी मी रोज तिच्याभोवती फिरायचो. लोखंडी दांडा घेऊन एकेक टायर ठोकून आवाज ऐकायचो, ब्रेक दाबून बघायचो, आरसे पुसायचो. मेकॅनिक कितीही भला असला तरी मी स्वतः बघायचो. एकदा बघून घेतल्यावर मग रस्त्यात काय होईल ते माझं. म्हणून जबाबात कधी ब्रेकचं नाव घेतलं नाही. आयुष्यात ही एकच गाडी मी न तपासता बाहेर काढली. कारण ती मुलाने दिली होती.

तेवढंच लागलं मला. बाकी खेळ काय, आज आहे उद्या नाही.

आता मी तपासणी शिकलोय. ताईने तुझी ओट्या-माळ्याची शिकवणी मोठ्या अक्षरात छापून भिंतीला लावलीय. शिकवणी चांगली आहे, तू स्वतः पाळत नाहीस एवढंच. त्या प्रोग्राममध्येच 'हलवा' असं बटण आहे, ते दाबून बस मी ओट्यावर आणली. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं. आज सकाळी बूट घालून पूर्ण फेरी केली. टाकी जागेवर होती, गळतीसकट. शाळेची मुलं फुटपाथवरून चालत येताना लांबून दिसली. मी थांबलो, ती गेली, मग मी निघालो. ताई मागे उभी राहून रडत होती, तिला म्हटलं प्रवाशांनी बसून घ्या.

तुझा तलवारीचा गेम मी पुसला नाही. मी तुझ्यासारखा नाही. तो माळ्यावर टाकलाय, बस होती त्याच जागी. चालवून बघितला. चालतो. जरा रखडतो, आणि राक्षस अंगावर येऊन पडल्यावर दिसतो. गाडीला नावं ठेवू नकोस. सवय होईल.

कॉम्प्युटर रात्री चालू ठेवीन. तेवढा एक तास तुझा. आठ माणसांच्या खोलीत माणसाला कुठेतरी जायला हवं, हे मला कळतं. पण मला हल्ली रात्री झोप कमी लागते, आणि माउस माझ्या हाताशीच असतो. तेव्हा खेळता खेळता बाण आपोआप हलायला लागला, तर घाबरून डॉक्टरकडे धावू नकोस. तो मी असेन.

बाबा